महाविद्यालयात शिकवणार कोण?

महाविद्यालयांत मुले येत नाहीत, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यालाही तिच्यात काही नवे वाटत नाही. प्राचार्यांच्या बैठकीत ती होते, पालक मेळाव्यात होते, निवृत्त प्राध्यापकांच्या सकाळच्या फेरफटक्यात तर हमखास होते, आणि कारणेही ठरलेली असतात: मोबाइल, खासगी क्लास, स्पर्धा परीक्षांचे वेड, वाचनाची नावड, अलीकडे त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. यांतले एकही कारण खोटे नाही. पण ही सगळी कारणे विद्यार्थ्याच्या पदरात टाकता येण्याजोगी आहेत, म्हणून ती सोयीचीही आहेत. वर्गात विद्यार्थी नाही हे आपल्या लगेच डोळ्यांत भरते. त्याच वर्गाला कायम अध्यापक नाही, जो आहे तो वर्षातले काही महिनेच आहे, आणि पुढच्या वर्षी तो असेलच याची खात्री त्यालाही नाही, याकडे मात्र सहज काणाडोळा होतो. महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणापुढच्या अडचणींची यादी हवी तेवढी लांबवता येईल. माझ्या मते त्या यादीच्या शिरोभागी अध्यापकांची रिकामी पदे आहेत, आणि ती भरल्याशिवाय बाकीच्या सुधारणा, मग त्या कितीही विचारपूर्वक आखलेल्या असोत, परिपत्रकातून वर्गात उतरणार नाहीत.

आधी व्याप्ती लक्षात घेऊ. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाखांच्या घरात होती. अठरा ते तेवीस वयोगटाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिले तर हे प्रमाण देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के भरते. ४,६९२ महाविद्यालये असलेला महाराष्ट्र महाविद्यालयांच्या संख्येत उत्तर प्रदेशच्या खालोखाल होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत पन्नास टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि नुसत्या आकड्यांच्या शर्यतीत आपण ते गाठूही. वर्तमानपत्रांचे जून-जुलैचे रकाने सीईटी, नीट आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्यांनी भरून वाहतात, त्यामुळे उच्च शिक्षण म्हणजे तेवढेच असा समज शहरी वाचकाचा होऊन बसतो. प्रत्यक्षात मुलामुलींचा फार मोठा लोंढा कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन जुन्या शाखांत, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात जातो. या लेखाचा विषय तीच महाविद्यालये आहेत.

ती उभी राहिली त्यामागे काही माणसांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले; फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाने कामाच्या बळावर पदवीधर व्हावे, हा 'कमवा आणि शिका'चा विचार त्यामागे होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठही नव्हते. ते १९५८ मध्ये आले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने हेच काम केले. पुढच्या काळात साखर कारखान्यांच्या आणि बाजार समित्यांच्या गावीही महाविद्यालये आली, आणि प्राध्यापकांचे पगार सरकारने उचलले. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आपण विसरत चाललो आहोत. पुण्याहून किंवा कोल्हापुराहून एमए झालेला तरुण तालुक्याच्या गावी नोकरीला येई, आधी भाड्याची खोली आणि मग घर करी, आणि तीस-पस्तीस वर्षे तिथेच राही. गावातली व्याख्यानमाला, वाचनालयाचा कारभार, एकांकिका स्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, पहिल्या पिढीतल्या मुलीच्या वडिलांची समजूत काढून तिला एमएला पाठवणे, हे सारे त्या एका माणसाच्या कायम असण्यातून घडत होते. त्यांतले सगळेच थोर नव्हते. काही आळशी होते, काही संस्थाचालकांच्या राजकारणात रमलेले होते. पण ते होते. गावाला त्यांचे घर माहीत होते, आणि परीक्षेत नापास झालेला मुलगा संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊ शकत होता.

अशा एखाद्या महाविद्यालयाचा आजचा दिवस पाहावा. नाव घेण्याचे कारण नाही, कारण सगळीकडे कमीअधिक फरकाने हेच दिसते. कॉलेज सकाळी साडेसातला भरते, कारण वाड्यावस्त्यांवरून येणारी पहिली एसटी तेव्हा पोचते. दुपारी साडेबारानंतर आवारात चिटपाखरू नसते, कारण परतीची गाडी एकची, आणि ती चुकली तर पुढची थेट चारला. मुलींच्या बाबतीत एसटीच्या वेळापत्रकाला विद्यापीठाच्या वेळापत्रकाहून अधिक वजन असते. या पाच तासांत जे शिकायचे ते शिकायचे. इतिहास विभागात मंजूर पदे तीन, भरलेले पद एक. त्या एका प्राध्यापकाकडे विभागप्रमुखपद आहे, परीक्षा विभाग आहे, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) एका निकषाची फाइल आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनाही आहे, त्यामुळे त्याचे आठवड्यातले निम्मे तास कार्यालयातच जातात. उरलेल्या दोन पदांचा कार्यभार तासिका तत्त्वावरच्या चौघांत वाटलेला. त्यांतले एक सर सकाळचे दोन तास येथे घेतात आणि मोटरसायकलने पुढच्या तालुक्याच्या महाविद्यालयात दोन तास घ्यायला निघतात. त्यांच्या तासानंतर एखाद्या मुलीला काही विचारायचे असेल तर तिला वाहनतळापर्यंत त्यांच्याबरोबर चालावे लागते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रयोगशाळा परिचराची जागा रिकामी आहे, म्हणून द्रावणे तयार करण्याचे कामही अध्यापकच करतो, आणि वेळ पुरला नाही की प्रयोग एकदा करून दाखवला जातो आणि निरीक्षणे वहीत उतरवून घेतली जातात. तासिका तत्त्वावरच्या सरांना विद्यार्थी 'सीएचबीवाले सर' म्हणतात; सीएचबी म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस', तासाच्या हिशेबाने. हा शब्द त्यांना कार्यालयाने शिकवलेला आहे, आणि त्यातली पायरी त्यांना बरोबर कळते.

या सीएचबीवाल्या सरांकडे पदव्युत्तर पदवी असते, सेट किंवा नेट ही अध्यापकाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असते, पुष्कळदा पीएचडीही असते. म्हणजे पात्रतेत ते कायम प्राध्यापकाहून उणे नसतात. किंबहुना तीस वर्षांपूर्वी लागलेल्या अनेकांपेक्षा सरस असतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षेचा महिना, निवडणुकीमुळे बंद राहिलेला आठवडा, यांचे काही नाही. तासाचे दर शासनाने मध्यंतरी वाढवले हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले होते. आपला दर त्याहून खालीच राहिला, आणि जो मिळायचा तोही महिनोन्महिने रखडतो. नेमणूक दर वर्षी नव्याने होते. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची मान्यता, असा फेरा पुरा होईपर्यंत पहिल्या सत्राचा बराचसा भाग सरलेला असतो. मग उरलेल्या आठवड्यांत अभ्यासक्रम 'उरकला' जातो. अशा माणसाने विद्यार्थ्याला तासाबाहेर वेळ द्यावा, नवे वाचावे, निबंध तपासून त्यावर शेरे लिहावेत, ही अपेक्षा ठेवण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे का, हे आपणच ठरवावे. लग्नाच्या बाजारात या सरांची काय किंमत होते, याविषयी गावोगावी जे विनोद सांगितले जातात ते ऐकले की चौथी-पाचवीतली मुले 'मला प्राध्यापक व्हायचे आहे' असे का म्हणत नाहीत, हे वेगळे शोधायची गरज उरत नाही.

ही पाळी एका दिवसात आली नाही. निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि दर वर्षी खड्डा थोडा खोल होत गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने अनुदानित (प्राध्यापकांचे पगार सरकार देते अशा) महाविद्यालयांतली सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी दिली; रिकाम्या पदांचा तोही एक भागच होता. त्यांतली निम्मीही भरली गेली नव्हती तोच करोना आला, ४ मे २०२० च्या निर्णयाने भरती थांबली, आणि राहिलेल्या २,०८८ पदांसाठी पुन्हा आंदोलने, निवेदने, उपोषणे यांची रांग लागली. दरम्यान प्रत्येक मे महिन्याच्या अखेरीस महाविद्यालयात निवृत्तीचे निरोपसमारंभ होतच राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, अशी मर्यादा होती. आपल्याकडे कितीतरी विभाग असे आहेत की जिथे दहा टक्के हे कायम अध्यापकांचे प्रमाण म्हटले तरी चालेल. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ही मर्यादाच गाळलेली होती. नियम पाळता येत नसेल तर नियमच काढून टाकावा, हा उपाय आपल्या प्रशासनाला नेहमीच जवळचा वाटत आला आहे.

आता विद्यार्थ्याकडे वळू. महाविद्यालयात त्याला काही मिळत नाही असे ध्यानात आल्यावर तो जे करतो त्यात मला बेजबाबदारपणापेक्षा हिशेब अधिक दिसतो. प्रवेश घ्यायचा, कारण पदवी नसेल तर अर्जच भरता येत नाही. ओळखपत्र घ्यायचे, कारण एसटीचा सवलतीचा पास त्यावर मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा. आणि दिवस काढायचा तो अभ्यासिकेत. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका सर्वांना ठाऊक आहेत, पण आता तालुक्याच्या गावीही एसटी स्थानकाजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लाकडी कप्पे, वायफाय आणि पंखा असलेली अभ्यासिका असते, आणि ती सकाळी सहापासून भरलेली असते. ज्या मुलांना 'अभ्यासाची गोडीच नाही' असे महाविद्यालय म्हणते, तीच मुले तिथे महिन्याचे पैसे मोजून दहा-दहा तास बसतात. त्यांची बेरीज-वजाबाकी किती निष्ठुर आहे हेही सांगायला हवे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर पदांसाठी सतरा लाखांवर. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवांना रिकाम्या हाताने परत यायचे आहे, आणि परत येताना त्यांच्याजवळ जी पदवी असेल तिच्यामागे शिकलेले काहीच नसेल, तर त्यांचे नुकसान दुहेरी आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले तेव्हा काय झाले ते आठवावे. हा बदल २०२३ पासून होणार होता. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि तो २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. उमेदवारांची वेळ मागण्याची भूमिका समजण्यासारखी होती, कारण अनेकांनी वर्षानुवर्षे बहुपर्यायी प्रश्नांची तयारी केलेली होती. मला खुपले ते वेगळेच. पदवीधर माणसाला मराठीत चार पानांचे सुसंगत उत्तर लिहायची भीती वाटते, आणि त्यासाठी त्याला पुन्हा खासगी क्लास लावावा लागतो, याबद्दल एकाही विद्यापीठाला लाज वाटल्याचे ऐकिवात आले नाही. उत्तर लिहायला शिकवणे हे पदवीच्या तीन वर्षांचे काम आहे. पण त्यासाठी कोणालातरी साठ-सत्तर मुलांची उत्तरे वाचून परत द्यावी लागतात, आणि तासाच्या हिशेबात तपासण्याचा तास धरलेलाच नसतो.

या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. २०२३-२४ मध्ये स्वायत्त (स्वतःचा अभ्यासक्रम आखणाऱ्या) महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न (विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर चालणाऱ्या) महाविद्यालयांत ते लागू झाले. धोरणातल्या मूळ कल्पनेशी माझे भांडण नाही. अर्थशास्त्राच्या मुलाला संगीत शिकता यावे, विज्ञानाच्या मुलीने तत्त्वज्ञान वाचावे, एका वर्षानंतर शिक्षण सुटले तर हातात प्रमाणपत्र असावे आणि पुन्हा येता यावे, क्रेडिट (पुऱ्या केलेल्या अभ्यासाची एकके) साठवून दुसरीकडे नेता यावेत, हे सगळे योग्यच आहे. आपल्याकडच्या बंदिस्त शाखांना हा धक्का हवाच होता. पण निवड म्हणजे निवडण्याजोगे काहीतरी समोर असणे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्रथम वर्षाच्या मुलाचे वेळापत्रक हातात घेतले तर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), व्होकेशनल स्किल, स्किल एन्हान्समेंट, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञानप्रणाली, को-करिक्युलर अशी नावे ओळीने दिसतात. त्यातला ओपन इलेक्टिव्हचा विषय कोणता, हे मुलाच्या आवडीवर ठरत नाही. कोणत्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडतो आहे यावर ठरते. भूगोलाच्या सरांचे तास भरत नाहीत, तेव्हा वाणिज्यच्या शंभर मुलांना पर्यटनाची ओळख निवडावी लागते. भारतीय ज्ञानप्रणाली ज्याचा तास मोकळा असेल त्याच्याकडे जाते, आणि संस्कृतचा विभाग बंद होऊन वर्षे झालेल्या महाविद्यालयात ती इंटरनेटवरून उतरवलेल्या टिपणांवर शिकवली जाते. दोन-दोन क्रेडिटच्या या तुकड्यांच्या अंतर्गत परीक्षा, गुण भरणे, पुन्हा भरणे, पोर्टल बंद पडणे, अपार (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख) क्रमांक जोडणे, यांत वर्षाचा एवढा भाग जातो की मुख्य विषयाला वेळ उरत नाही. आणि जेथे मुख्य विषयाचा कार्यभार घटला तेथे रिकामे पद कायमचे रद्द होण्याची टांगती तलवार आहे. बहुविद्याशाखीय शिक्षणासाठी अधिक अध्यापक लागतात, ही साधी गोष्ट आहे. आपण ते धोरण अध्यापक सर्वांत कमी असताना राबवायला घेतले.

माणसांच्या जागी यंत्रणा बसवण्याचा मोह आपल्याला पूर्वीही नडला आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिकांचे संगणकाधारित मूल्यांकन एकदम लागू केले, निकाल महिनोन्महिने लांबले, कित्येकांचे पुढचे प्रवेश हुकले, आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्यातून धडा घेतला गेला तो सॉफ्टवेअरविषयी. तपासणाऱ्या हातांविषयी नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलची आजची चिंताही मला याच जातीची वाटते. विद्यार्थी गृहपाठ चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, हे खरे आहे. पण त्याआधी ते मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून उतरवत होते, आणि दोन्ही वेळा वाचणारे कोणी नव्हते. ज्या अध्यापकाला विद्यार्थ्याचे अक्षर, त्याची भाषा, त्याच्या नेहमीच्या चुका ठाऊक असतात, त्याला उसने लिखाण पहिल्या परिच्छेदात कळते.

अनुदानित वर्गांची ही स्थिती असताना त्याच इमारतीत दुसरे एक महाविद्यालय चालते, ते कायम विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे. बीबीए, बीसीए, संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान: फी अनेक पटींनी जास्त, भिंतींना नवा रंग, प्रोजेक्टर चालू, आणि अध्यापक मात्र येथेही कंत्राटीच, बहुधा वीस-पंचवीस हजारांवर राबणारे. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले तेव्हापासूनची ही वाट आहे. २०२४ मध्ये बीबीए-बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्याने त्यांच्यासाठी सीईटी घेतली, तेव्हा जागा भरपूर आणि परीक्षा देणारे कमी अशी अवस्था झाली. त्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली, आणि काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून त्याला बीकॉमच्या छत्राखाली नेऊन बसवले. नाव बदलल्यावर शिकवणारे, विषय आणि फी यांत काय फरक पडला, हे पालकांनी विचारायला हवे होते.

कायम अध्यापक नेमा असे म्हटले की दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की कायम झालेले प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाचा पगार घेतात आणि शिकवत नाहीत. असे प्राध्यापक आहेत. त्यांना सगळे ओळखतात, आणि त्यांच्या पदोन्नतीच्या अर्जांतले शोधनिबंध कोणत्या नियतकालिकांत, किती पैसे भरून छापले गेले हेही लपून राहिलेले नाही. पण त्यावरचा इलाज देखरेख हा आहे. तलाठी कामचुकार निघाला म्हणून गावाला तलाठी नको असे आपण म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. अनुदानित महाविद्यालयातल्या कायम पदासाठी उमेदवाराला काय मोजावे लागते, याचे आकडे सेट-नेटधारकांच्या गप्पांत उघडपणे बोलले जातात. जमीन विकून लागलेला प्राध्यापक आणि जमीन नसल्यामुळे तासिकेवरच राहिलेला प्राध्यापक, हे दोन्ही नमुने महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात भेटतील. पगार सरकारने द्यायचा, निवड संस्थेने करायची, आणि निवड समितीत विद्यापीठाचे व शासनाचे प्रतिनिधी बसूनही निकाल आधीच ठाऊक असायचा, या व्यवस्थेत शंभर पदे भरली काय आणि पाच हजार भरली काय, ज्याच्याकडे गुणवत्तेशिवाय दुसरे भांडवल नाही तो बाहेरच राहणार.

म्हणून पदभरतीच्या मागणीबरोबर निवडीची पद्धत बदलण्याची मागणी यायला हवी, आणि प्राध्यापक संघटनांनी ती जितक्या जोराने करायला हवी तितक्या जोराने केलेली नाही. शालेय शिक्षकांच्या बाबतीत शासनाने २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' ही ऑनलाइन शिक्षकभरतीची प्रणाली आणली. तिच्यात विलंब झाले, खटले झाले, खासगी संस्थांसाठी मुलाखतीचे दार अंशतः उघडे राहिले. तरीही हजारो मुलेमुली एक पैसा न देता शिक्षक झाली, आणि ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनात लहान नाही. शासकीय महाविद्यालयांतले सहायक प्राध्यापक लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. पश्चिम बंगालमध्ये अनुदानित महाविद्यालयांसाठी स्वतंत्र महाविद्यालयीन सेवा आयोग आहे, उत्तर प्रदेशातही अशी व्यवस्था अनेक दशके होती. त्या आयोगांचा इतिहास निष्कलंक नाही, कोर्टकचेऱ्या तिथेही झाल्या. पण एका आयोगातला गैरव्यवहार पकडता येतो. शेकडो संस्थांच्या बंद दालनांतला पकडता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांना घटनेने दिलेले अधिकार वगळून उरलेल्या अनुदानित महाविद्यालयांसाठी महाराष्ट्रात अशी केंद्रीय निवड का नको, याचे सरळ उत्तर एकाही सरकारने दिलेले नाही. ते का दिले जात नाही हे समजायला संस्थाचालकांच्या यादीवर आणि विधिमंडळाच्या यादीवर शेजारी-शेजारी ठेवून नजर टाकणे पुरे.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तिजोरीवर ताण आहे हे मान्य केलेच पाहिजे. पण खर्च करायचा नाही असे शासनाचे धोरण दिसत नाही. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगला आहे. मुलीला अभियांत्रिकीला पाठवताना हात आखडणाऱ्या बापाला त्याने बळ दिले. मात्र अनुदानित महाविद्यालयात बीएला असलेल्या मुलीची फी मुळातच थोडी असते. तिला लागते ती वेळेवर येणारी एसटी, तालुक्याच्या गावी सुरक्षित वसतिगृह, वर्ष संपण्याआधी खात्यात जमा होणारी शिष्यवृत्ती, आणि पुढच्या वर्षीही तिथेच भेटतील असे सर किंवा मॅडम. फीमाफीची घोषणा करता येते, तिचा फलक लावता येतो. भूगोलाच्या रिकाम्या पदावर कोणी रुजू झाले याचा फलक कोणी लावत नाही.

या साऱ्याला आता एक मुदत येऊन चिकटली आहे. २०२४ च्या जूनमध्ये संलग्न महाविद्यालयांत नव्या रचनेत प्रवेश घेतलेली मुले २०२७-२८ मध्ये नव्या रचनेतल्या ऐच्छिक चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येतील. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांना संशोधनासह ऑनर्स या चार वर्षांच्या पदवीची वाट खुली असेल, असे धोरण सांगते, आणि हा पर्याय देणाऱ्या विभागात पीएचडीचे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम अध्यापक असावेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अपेक्षा आहे. इतिहासाच्या त्या विभागात एकच कायम अध्यापक आहे, आणि तो निवृत्तीला आला आहे. पद भरायचे म्हटले तर बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेणे, सहसंचालकांचे ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, छाननी, विद्यापीठाकडून तज्ज्ञांची नावे येणे, मुलाखत, मान्यता आणि वेतननिश्चिती, या टप्प्यांना एक वर्ष सहज लागते. कोणी न्यायालयात गेले तर दोन. शिवाय नव्याने रुजू झालेल्या माणसाला मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळायलाही वर्षे जातात. त्या मुलांपैकी जिला संशोधन करायचे आहे आणि घरापासून दूर जाणे परवडत नाही, तिच्यासाठीची जाहिरात आजच्या वर्तमानपत्रात यायला हवी.